कमी खर्चात ट्रायथलॉन: पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे एकापाठोपाठ एक पूर्ण करायचे असते. स्प्रिंट प्रकारात ही अंतरे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर असतात. ऑलिंपिक प्रकारात ती दुप्पट होतात. नवख्यांनी स्प्रिंटपासूनच सुरुवात करावी.

कोल्हापुरात ‘लोहपुरुष’ स्पर्धेमुळे हा खेळ अनेकांच्या ओळखीचा झाला आहे. तयारीला लागणारे बहुतेक जण आधी सायकलची किंमत विचारतात. त्याआधी आपले हृदय या श्रमाला तयार आहे का, हे पाहायला हवे.

आधी तपासणी

रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात हे कमी खर्चात होते. पुढीलपैकी काही लागू असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सराव सुरू करू नका:

- श्रम करताना छातीत दुखणे, चक्कर किंवा बेशुद्धी
- जवळच्या नात्यात कमी वयात अचानक मृत्यू
- चाळिशीनंतर रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन
- दमा किंवा फिट येण्याचा आजार

गरजेनुसार डॉक्टर ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगतील.

इथे पैसे वाचवा

- सायकल: घरची साधी सायकल चालेल. ब्रेक आणि टायर नीट करून घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात.
- कपडे: आपल्याकडचे पाणी थंड नसते. वेटसूटची गरज नाही.
- आहार: महागड्या पावडरी नकोत. गूळ-शेंगदाणे, केळी, अंडी, उसळ-भाकरी आणि दूध पुरेसे आहे. दूध मात्र उकळलेलेच प्या, कट्ट्यावरचे धारोष्ण नको; कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

इथे वाचवू नका

- हेल्मेट: जुने वापरलेले घेऊ नका. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला थर निकामी होतो आणि ते बाहेरून दिसत नाही.
- बूट: पायाला नीट बसणारे, न झिजलेले हवेत.
- पोहणे: ट्रायथलॉनमधील बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. जीवरक्षक असलेल्या जलतरण तलावातच शिका. तलावात किंवा पंचगंगेत एकट्याने उतरू नका; पावसाळ्यात तर मुळीच नको. अंगावर जखम असल्यास साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पोहल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाला, तर पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आठवड्याचा सराव

पोहणे येत असल्यास साधारण १२ आठवडे तयारी करा. आठवड्यातून दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे आणि एक दिवस विश्रांती. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. अंतर हळूहळू वाढवा. सायकलवरून उतरल्यावर पाय जड वाटतात; त्याची सवय होण्यासाठी शेवटच्या काही आठवड्यांत सायकलनंतर लगेच १० मिनिटे धावा. जोतिबाचा घाट पहिल्या महिन्यात नको.

लगेच थांबा

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अनियमित धडधड, अचानक धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सराव तिथेच थांबवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नका.