बघणारी बाई, सांगणारी बाई



नाटकाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं लिहिणाऱ्याचं नाव सांगतात, काम करणाऱ्याचं सांगतात, पैसा लावणाऱ्याचंही सांगतात. समोर बसून बघणारीचं नाव कुणी घेत नाही. घरी येऊन शेजारणीला "अगं, हे चुकवू नको" असं सांगणारीचं तर नाहीच नाही. आज आम्ही तिच्याबद्दल बोलणार आहोत. ज्या नाटकाला थेटर नाही, जाहिरात नाही, मोठा नट नाही, ते नाटक तिच्या सांगण्यावरच जगतं.

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. आपलं रेणापूर रेणुकामातेचं. लग्न झालं की आपल्याकडं गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ घुमतो, तुणतुणं वाजतं. मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार मधेच वेडावाकडा प्रश्न विचारून सगळ्यांना हसवतो. हे नाटकच की! फक्त त्याला पडदा नाही आणि तिकीट नाही. देवीचं कार्य म्हणून बाया हक्कानं पुढं बसतात. कुणाचं आख्यान पहाटेपर्यंत जागं ठेवतं आणि कुणाच्या गोंधळात डुलकी लागते, हे बायांना पक्कं ठाऊक असतं. म्हणजे खेळ पारखायची आणि दुसरीला सांगायची कला आपल्याकडं जुनीच आहे. अडचण आली ती अंगणाबाहेर.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतात. खेळ सीतेचा, पण सीता झाला होता पुरुष. पुढं कित्येक वर्षं हीच रीत राहिली. बालगंधर्वांसारखे मोठे नट स्त्रीच्या वेषात गाजले. घरंदाज बाईनं मात्र रंगमंचावर उभं राहायचं नाही असाच दंडक होता.

त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. एक शेतकरी जोडपं, बायको गरोदर. ग्रहदशेची भीती घालून भटजी त्यांना लुबाडतो. शेवटी नवरा-बायको दोघंही शिकायचं ठरवतात. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. नाटक छापून लोकांपुढं आलं १९७९ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. विचार करा, आपल्यासारख्याच एका कुणबी बाईची गोष्ट, आणि ती बघून "तू पण बघ" म्हणायची संधी आपल्या आज्यांना, पणज्यांना मिळालीच नाही. काय बघायचं, काय नाही, हे चार माणसांच्या कमिटीनं ठरवलं की असं होतं.

तमाशाची तऱ्हा वेगळी. तिथं बाई फडावर आली. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा हिवरगावकर ही तमाशात उभी राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. पुढं विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी तर राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावात, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. जनावरांचा बाजार, कुस्त्या आणि त्याबरोबर तमाशाचे फड, लावणीचे कार्यक्रम. पण तिथं जे दिसायचं ते आपल्याला नवं नाही. नाचणारी बाई, ढोलकीपुढं बाई, आणि समोर सगळे पुरुष. आपण देवाचं दर्शन घ्यायचं, बांगड्या भरायच्या आणि अंधार पडायच्या आत गाडीत बसायचं.

कारणं काय होती? रात्रीचा खेळ, परतायची सोय नाही. पहाटे धार काढायची. लेकरू कुणाकडं ठेवायचं? आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नाव. तमाशाला गेलेल्या पुरुषाला रसिक म्हणत. बाई गेली तर तिला काय म्हणत, ते सांगायला नको. यात तोटा दोघींचा झाला. आपल्याला खेळ बघायला मिळाला नाही. फडावरच्या बाईला तिचं सुखदुःख ओळखणारी दुसरी बाई समोर मिळाली नाही.

१ जुलै १९३३ ला मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हळूहळू ते सवयीचं झालं. १९५४ पासून सरकारी राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. मग दिवसा नोकरी करून रात्री तालीम करणारी साधी माणसं गावोगावी नाटक बसवू लागली.

आता थोडं लांब जाऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा नावाचं शहर आहे. महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, तिथं मोठा कलामहोत्सव भरला. नामांकित मंडळींना बोलावणी गेली. आठ नाटक मंडळ्यांना बोलावणं नव्हतं, तरी त्या आल्या आणि मिळेल त्या जागेत खेळ करू लागल्या. महोत्सवाच्या काठाकाठानं हे चाललं होतं म्हणून त्याला 'फ्रिंज' नाव पडलं. फ्रिंज म्हणजे काठ, झालर. १९५८ साली त्यांची संस्था झाली. कोणतं नाटक चांगलं, कोणतं वाईट, हे संस्थेनं निवडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्याला करायचं त्यानं करावं. आज तो काठाचा महोत्सव मूळ महोत्सवापेक्षा मोठा झाला आहे. मग बघणाऱ्यानं शेकडो खेळांतून निवडायचं कसं? आधी बघून आलेला माणूस रांगेत, चहाच्या टपरीवर जे सांगतो, त्यावरून.

असा काठ आपल्याकडंही आहे. १९७४ पासून मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' संस्थेची नाटकं होऊ लागली. संस्था उभी करणाऱ्यांपैकी सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. मोठं थेटर परवडत नव्हतं, म्हणून शाळा.

आणि १९८३ साली आलं 'मुलगी झाली हो'. स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर यांनी ते लिहिलं. काम करणाऱ्या कुणी नट्या नव्हत्या, संघटनेतल्याच बाया होत्या. मुलगी जन्मल्यापासून तिच्या वाट्याला काय येतं, ते त्यांनी गाण्यांतून, हसत-चिमटे काढत मांडलं. नाटकाला फार सामान लागत नव्हतं. ते वस्त्यांत गेलं, खेड्यांत गेलं, दुसऱ्या भाषांतही गेलं. पुढं १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकटीचा खेळ उभा केला. एक बाई उभी राहते आणि सावित्रीबाई होऊन आपल्याशी बोलते. असे खेळ एका गावातून दुसऱ्या गावात कसे जातात? एका गटातल्या बाईनं दुसऱ्या गटातल्या बाईला सांगितलं, "आमच्याकडं झालं, तुम्ही पण बोलवा," की जातात.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. बचत गटात आपण बी-बियाणं कुठलं घ्यावं, कुठल्या दवाखान्यात नीट बोलतात, हे एकमेकींना सांगतो. तसंच बघितलेल्या खेळाबद्दलही सांगू या. लातूरला किंवा नांदेडला राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं लागतील, यात्रेत फड येईल, शाळेच्या मैदानात पथनाट्य होईल. गटातल्या चौघी मिळून जा. एकटीला नाव ठेवणं सोपं असतं, चौघींना अवघड जातं. परतायची गाडी आधी ठरवा.

बघून आल्यावर "छान होतं" एवढ्यावर थांबू नका. मागं बसलेल्या बाईला ऐकू येत होतं का, ते सांगा. हसवलं ते कुणावर हसवलं, सासऱ्याच्या तोऱ्यावर की सुनेच्या रंगावर? नाटकातली बाई नुसती रडत होती, की काही ठरवत होती? तरण्या लेकीला आणि सासूला एकाच वेळी नेता येईल का? खेळ किती वाजता संपला? आणि नाही आवडलं तर तेही बेधडक सांगा. सगळ्याच खेळांना चांगलं म्हणणारीचं कुणी ऐकत नाही.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, ८ मार्चला महिला दिन. त्या दिवशी भाषणांऐवजी एखादा खेळ बोलवायचा ठराव गटात मांडता येईल. कुठला बोलवायचा, ते ज्या बघून आल्या आहेत त्यांना विचारून ठरवा. बैठकीच्या वहीत शेवटचं एक पान त्यासाठी ठेवा: खेळाचं नाव, कुठं बघितला, कुणी बघितला, आणि दोन ओळी. आजवर खेळ बघितलेल्या बायांची नावं कुठं लिहिली गेली नाहीत. तुमच्या वहीत ती राहतील. पुढच्या वेळी ती पानं इथं वाचायला आम्हाला आवडेल.