वृत्तशिफारस : वाचकांवरील प्रयोग

वाचकाची आवड व गरज अजमावून त्याच्यापुढे कोणते वृत्त आधी ठेवावे हे संगणकाने ठरविणे, यास व्यक्तिसापेक्ष वृत्तशिफारस म्हणतात. पनवेलहून रोज मुंबईस जाणाऱ्या नोकरदारास हार्बर मार्गावरील गाड्यांची व त्याच तालुक्यातील भातउत्पादकास पावसाची बातमी आधी दाखविणे, हे तिचे साधे उदाहरण होय. शिफारशीची कोणती पद्धती सरस, हे केवळ जुन्या नोंदींवरून ठरत नाही. कारण न दाखविलेले वृत्त वाचकाने वाचले असते किंवा नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष वाचकांवर प्रयोग केले जातात.

अशा प्रयोगांचा एक पूर्वावतार महाराष्ट्रात आढळतो. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे चालविली. सभासद आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. कार्यक्रम सर्वांस एकच असे. परंतु परीक्षणाची पद्धती काटेकोर होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली तुलनेसाठी रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली खेडीही घेतली. मंडळे असलेल्या खेड्यांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक दिसून आली. येथे मोजले गेले ते श्रोत्यांचे ज्ञान, आणि मंडळात ते जाणीवपूर्वक सहभागी झाले होते.

संगणकीय प्रयोगांचा आरंभ अमेरिकेत झाला. ‘ग्रुपलेन्स’ या प्रकल्पाने १९९६ मध्ये यूझनेट या संगणकीय वार्तागटांच्या सुमारे २५० वाचकांवर सात आठवडे चाचणी घेतली. वाचक लेखांना १ ते ५ गुण देत व समान अभिरुचीच्या इतरांच्या गुणांवरून त्यांना अंदाज कळविला जाई. पुढे वाचकांची संख्या अफाट वाढली आणि गुणांची जागा कळ दाबण्याच्या नोंदीने घेतली. ‘याहू’च्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या परीक्षणासाठी काही वाचकांना यादृच्छिक रीतीने निवडलेली वृत्ते दाखविण्यात आली होती, त्या नोंदींवर नव्या पद्धतीने कळ दाबण्याचे प्रमाण १२.५ टक्क्यांनी अधिक ठरले. ‘न्यूजरील’ या यूरोपीय उपक्रमात (२०१४–१७) संशोधकांच्या संगणकांना शिफारस १०० मिलिसेकंदांत द्यावी लागे. भारतात ‘न्यूजहंट’ने (२०१५ पासून ‘डेलीहंट’) २००९ पासून भारतीय भाषांतील वृत्तपत्रे भ्रमणध्वनीवर आणली व मराठी वाचकही या नव्या माध्यमाकडे वळला.

या वाटचालीत संमतीचा प्रश्न तीव्र झाला. ‘फेसबुक’ने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ सदस्यांपुढे येणाऱ्या मजकुरातील भावनांचे प्रमाण आठवडाभर बदलून पाहिले, त्यांना त्याची कल्पना नव्हती. २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध होताच मोठा वाद उद्‌भवला. शिवाय अधिक वेळा उघडलेले वृत्त अधिक उपयुक्त असतेच असे नाही. केवळ तेवढेच मोजल्यास कुतूहल चाळविणारे मथळे पुढे येतात आणि स्थानिक, गरजेची वृत्ते मागे पडतात.

मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकाराने अलीकडे सुरू झालेल्या ‘पॉपरॉक्स’ या व्यवस्थेत वाचक संशोधनास संमती देऊन नोंदणी करतात व त्यांना रोज ई-पत्राने वृत्ते पाठविली जातात. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला तो ठाऊक असावा आणि वृत्ताने त्याच्या ज्ञानात काय भर पडली हे तपासावे, या पुण्याच्या प्रयोगातील दोन बाबी आजही मार्गदर्शक ठरतात.