हाड जुळण्याची सुरुवात सुजेतून. प्रतिकारशक्तीची भूमिका निर्णायक

वाराणसी : हाड मोडल्यावर त्या जागी येणारी सूज ही केवळ इजेची खूण नसून हाड जुळण्याच्या प्रक्रियेचा तो आरंभ असतो. मात्र ही सूज योग्य वेळी ओसरणेही तितकेच आवश्यक असते. हा समतोल रोगप्रतिकारक पेशी राखतात आणि वाढत्या वयात तो ढळू लागतो.

वय आणि हाड जुळण्याचा काळ यांतील संबंधाची नोंद प्राचीन आहे. परंपरेने काशीशी जोडल्या गेलेल्या सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार वर्णिले आहेत. मोडलेला भाग स्थिर ठेवण्यासाठी वड, पिंपळ, उंबर, अर्जुन आदी वृक्षांच्या साली व बांबूच्या पट्ट्या बांधण्यास त्यात सांगितले आहे. बंध सैल असल्यास स्थैर्य येत नाही आणि फार घट्ट असल्यास सूज व वेदना वाढतात, असा इशाराही दिलेला आहे. हाड जुळण्यास बालवयात १, मध्यम वयात २ आणि उतारवयात ३ महिने लागतात, असे ही संहिता सांगते.

या फरकामागील एक महत्त्वाचे कारण आधुनिक विज्ञानाने उलगडले आहे. हाड मोडताच तेथे रक्ताची गुठळी तयार होते. काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि पाठोपाठ मॅक्रोफेज या भक्षक पेशी तेथे पोहोचतात. त्या मृत ऊतींचा निचरा करतात आणि रासायनिक संदेशांद्वारे मूलपेशींना पाचारण करतात. त्यानंतर मॅक्रोफेज आपले रूप पालटून दाह शमवतात. मग कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो आणि त्याचे क्रमाक्रमाने हाडात रूपांतर होते. नव्या हाडाला अखेरचा आकार देताना जादा भाग झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशीही मॅक्रोफेजच्याच कुळातील असतात.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये वृद्ध उंदरांमध्ये तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेचे रोपण केले, तेव्हा त्यांची मोडलेली हाडे अधिक वेगाने जुळली. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांना २०१३ मध्ये हाड उशिरा जुळणाऱ्या रुग्णांच्या रक्तात विशिष्ट प्रकारच्या ‘टी’ पेशींचे प्रमाण अधिक आढळले. हाडे व प्रतिकारशक्ती यांच्या संबंधांचा अभ्यास करणारी ही शाखा ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ या नावाने ओळखली जाते.

रुग्णांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. अनियंत्रित मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे हाड जुळण्यास विलंब होतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधेही या प्रक्रियेत अडथळा आणू शकतात. मात्र ती रुग्णाने परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते. त्यामुळे हाड मोडल्यावर आधीचे आजार आणि सुरू असलेली औषधे यांची संपूर्ण माहिती डॉक्टरांना देणे हा उपचाराचाच भाग आहे.