आभाळ किती एकराचं?

ऐकताना आकडे निसटतात अशी तुमची तक्रार असते, म्हणून या भागाचं लेखी रूप देतोय.

आमचं गाव तिरोडा, जिल्हा गोंदिया. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. लहानपणी एकदा आबांना विचारलं, "आपली बांधी दीड एकराची, मग आभाळ किती एकराचं?" आबा म्हणाले, "तुले मोजाचं असंन तं मोज बापा, मले झोपू दे."

उत्तर मिळालं बीटेक झाल्यावर, आणि तेही एका चुकीतून.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आभाळ पिंजून काढलं. त्या नोंदींवरून २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. ती सगळ्यांसाठी खुली आहे. एका रविवारी मी हौसेनं प्रोग्रॅम लिहिला: एका चौरस अंशात किती स्रोत? उत्तर आलं सुमारे ५५ हजार. मी खुश! खरं उत्तर होतं १७.

झालं काय, तर पाहिलेलं आभाळ दोन प्रकारे सांगता येतं: ३६,९०० चौरस अंश किंवा ११.२ स्टेरेडियन. मी भागलं दुसऱ्यानं आणि नाव दिलं पहिल्याचं. प्रोग्रॅमनं हूं की चूं केलं नाही.

आता हे स्टेरेडियन म्हणजे काय? एक मीटर त्रिज्येचा गोल घ्या. त्याच्या पृष्ठभागावर एक चौरस मीटरचा तुकडा आखा. तो तुकडा गोलाच्या केंद्रापाशी जेवढा घनकोन करतो, तो एक स्टेरेडियन. पूर्ण गोलाचे ४π, म्हणजे १२.५७ स्टेरेडियन. चौरस अंशांत तेच होतात ४१,२५३. म्हणजे एका स्टेरेडियनमध्ये सुमारे ३,२८३ चौरस अंश. माझी चूकही बरोबर तितक्याच पटीची.

स्टेरेडियनची गंमत अशी की चौरस मीटरला चौरस मीटरनं भागलं की उरतो नुसता आकडा. त्यामुळे १९६० मध्ये एसआय पद्धत ठरली तेव्हा रेडियन आणि स्टेरेडियन यांना 'पूरक एककं' अशा वेगळ्या खोलीत बसवलं. १९९५ मध्ये ती खोलीच मोडली आणि दोघांना बिनमितीची साधित एककं ठरवलं. आकड्याला जात नसते, म्हणून माझा प्रोग्रॅम गप्प बसला.

पण गोलाच्या पृष्ठभागाचा हिशोब चुकणारा मी पहिला नाही. आठव्या शतकातल्या लल्ल या ज्योतिर्विदाचा नियम होता: वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ. आता बघा, क्षेत्रफळाला लांबीनं गुणलं तर पृष्ठफळ मिळेलच कसं? भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ही चूक पकडली. त्यांचा युक्तिवाद शिंप्याला पटेल असा आहे. परिघाच्या निम्म्या व्यासाचं गोल कापड घ्या. त्यानं अर्धा गोल झाकून वर चुण्या उरतात. हे कापड त्या गोलाच्या मधल्या वर्तुळाच्या जेमतेम अडीच पट असतं. म्हणजे पूर्ण गोल पाच पटींच्या आतच बसला पाहिजे. त्यांचा नियम: परीघ गुणिले व्यास. 'लीलावती'त त्यांनी याला चेंडूवरच्या जाळ्याची उपमा दिली आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवानं मठ काढल्याची नोंद आहे.

आता माझा आवडता हिशोब. जुन्या ज्योतिषात परीघ २१,६०० कलांचा, म्हणजे ३६० अंश गुणिले ६०. त्रिज्या ३,४३८ कला, व्यास ६,८७६. भास्कराचार्यांच्या नियमानं गुणा आणि ३,६०० नं भागून चौरस अंश करा. उत्तर येतं ४१,२५६! आजच्या आकड्यापेक्षा फक्त तीन जास्त, तेही त्रिज्या पूर्णांकात घेतल्यामुळे. त्यांनी आभाळाचे चौरस अंश काढले होते असं मी म्हणत नाही. गुणाकार माझा आहे. पण नियम आणि आकडे दोन्ही तेव्हापासून तयार होते.

त्या रविवारपासून माझ्या कोडमध्ये घनकोनाच्या प्रत्येक नावाला मी एकक जोडतो. व्याख्येत ते नुसता आकडा असेल. माझ्या हातात ते मोकळं सोडण्यासारखं नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आबांना उत्तर दिलं. "आबा, सगळं आभाळ ४१,२५३ चौरस अंश. आपल्या गच्चीवरून एका वेळी दिसते त्याच्या निम्मं. त्यात लाखभर पौर्णिमेचे चंद्र मावतीन."

आबा थोडा वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "आन् सातबारा कोनाच्या नावानं हाय?"

भेटू पुढच्या भागात.