फोन नंबरमधला स्वल्पविराम नेमकं काय करतो?

कॉन्फरन्स कॉलच्या निमंत्रणात कधीकधी भलामोठा नंबर असतो. आधी फोन नंबर, मग एक-दोन स्वल्पविराम, मग मीटिंगचा कोड आणि शेवटी हॅश. त्यावर टॅप केलं की फोन सगळं आपोआप दाबतो. तेच स्वल्पविराम काढून नंबर लावला, तर कॉल बहुतेक वेळा लागतच नाही.

कारण फोनच्या लेखी तो एक नंबर नसतोच. अँड्रॉइडचं सॉफ्टवेअर पहिल्या स्वल्पविरामापाशी किंवा अर्धविरामापाशी त्याचे दोन तुकडे करतं. आधीचा तुकडा कॉल जोडण्यासाठी नेटवर्ककडे जातो. उरलेला फोन स्वतःकडे राखून ठेवतो आणि समोरून कॉल उचलला गेल्यावर त्यातला एकेक आकडा टोन म्हणून पाठवतो.

हे टोन १९६३ साली अमेरिकेत बेल कंपनीने ग्राहकांसाठी आणले. प्रत्येक बटणाला दोन फ्रिक्वेन्सी असतात. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजतात. मोबाइलमध्ये मात्र अडचण होती. आवाज दाबून लहान करणारं तंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं, त्यातून जाताना टोन बिघडू शकतो. म्हणून जीएसएममध्ये हँडसेट टोन पाठवतच नाही. ‘५ दाबलं’ एवढाच संदेश तो नेटवर्कला देतो आणि खरा टोन नेटवर्क तयार करतं. आपल्या कानावर पडणारी ‘टूं’ ही फक्त आपल्या समाधानासाठी!

खरी गडबड वेळेची असते. अँड्रॉइड आणि आयफोनवर एका स्वल्पविरामाला काही सेकंदांचाच थांबा मिळतो. समोरची आयव्हीआर यंत्रणा तेव्हा ‘आपलं स्वागत आहे’मध्येच अडकली असेल, तर आकडे वाया जातात किंवा भलत्याच मेन्यूत लागू होतात. स्वल्पविराम वाढवत बसण्यापेक्षा अशा वेळी अर्धविराम बरा. तिथे फोन थांबतो, ‘पुढचे टोन पाठवू का?’ असं विचारतो आणि आपण होकार दिल्यावरच पुढे जातो. आयफोनच्या डायलरवर स्टार दाबून धरलं की स्वल्पविराम आणि हॅश दाबून धरलं की अर्धविराम उमटतो. अँड्रॉइडवर हे पर्याय बहुधा तीन टिंबांच्या मेन्यूत सापडतात.

असा नंबर सिम कार्डावर साठवायचा तर जागेचाही प्रश्न येतो. सिमवरच्या नोंदीत नंबरासाठी १० बाइट, म्हणजे २० आकडे मावतात. त्यापुढचे आकडे ‘एक्स्टेन्शन’ नावाच्या वेगळ्या नोंदीत ठेवावे लागतात.

मीटिंगचा कोड असा सेव्ह करायला हरकत नाही, पण फोन बँकिंगचा पिन मुळीच नको. कॉन्टॅक्टमधला नंबर साध्या अक्षरांत असतो आणि सिंक चालू असेल तर तो क्लाउडवरही जातो. शिवाय अँड्रॉइडच्या कॉल लॉगमध्ये स्वल्पविरामानंतरच्या आकड्यांसाठी स्वतंत्र रकानाच आहे.