लंगोट आणि लाल रंग

पीटर ग्रीस हा जर्मन रसायनज्ञ इंग्लंडमधल्या बर्टन गावी बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. १८७९ साली त्याने नायट्राइट ओळखण्याची परीक्षा सांगितली. नायट्राइट असले की द्रावण लालसर होते. १९१४ साली हीच युक्ती लघवीच्या तपासणीसाठी सुचवली गेली, आणि आजच्या कागदी पट्टीवरचा गुलाबी ठिपका तिचाच वारस आहे.

लघवीत नायट्राइट येते कुठून? भाजीपाल्यातून शरीरात आलेल्या नायट्रेटचे ई. कोलायसारखे जीवाणू नायट्राइट करतात. मात्र त्यांना वेळ लागतो. लघवी मूत्राशयात सुमारे ४ तास साठावी लागते. तान्हे बाळ तर घडोघडी लंगोट ओले करते! शिवाय दुधावरच्या बाळाच्या पोटात भाजी कुठली? म्हणजे ज्याला 'इथे दुखतंय' असे सांगता येत नाही, नुसता ताप येतो, त्याच्याच बाबतीत पट्टी अनेकदा फसवते. इकडे संसर्ग मूत्रपिंडात असला, तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो.

म्हणून संशोधक शरीराच्या प्रतिकाराकडे वळले. पांढऱ्या पेशींत सापडलेले एन.जी.ए.एल. नावाचे प्रथिन जीवाणूंचे लोह गोळा करणारे रेणू पकडून ठेवते, हे २००२ साली दिसले. संसर्गात ते लघवीतही वाढते, आणि लघवी साठण्याची वाट पाहत नाही. पण संसर्ग मूत्राशयातच आहे की वर मूत्रपिंडात, हे तेही खात्रीने सांगत नाही. जीवाणू वाढवून पाहण्याची जुनी तपासणी त्यामुळे सुटलेली नाही. तिला एकदोन दिवस लागतात, आणि तोवर तापलेल्या बाळाला औषध सुरू करावे लागते.