प्रादेशिक विकास : केंद्र, राज्य आणि जिल्हा यांची जबाबदारी

एखादा भाग मागे का राहिला, हे विचारले की केंद्र राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य केंद्राकडे. प्रत्यक्षात राज्यघटनेने ही जबाबदारी अनेक स्तरांवर वाटून दिली आहे. महाराष्ट्राचे उदाहरण घेतले तर ही विभागणी नीट समजते.

केंद्र सरकार

वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय करांतील वाटा राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने हा वाटा ४१ टक्के ठरवला. याशिवाय केंद्र मागास जिल्ह्यांसाठी कार्यक्रम आखते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे निवडले गेले.

राज्य सरकार आणि राज्यपाल

सिंचन, रस्ते, आरोग्य यांवरील बहुतांश खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो. त्यामुळे विभागांमधील असमतोल कमी होणार की वाढणार, हे मुख्यतः इथेच ठरते. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन होते. तरी तफावत राहिली. ती मोजण्यासाठी १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या मोजणीतूनच ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात रुळला.

घटनेच्या कलम ३७१ (२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. निधीचे समन्यायी वाटप व्हावे, ही विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. मंडळांचे काम अभ्यास आणि शिफारशींचे होते. कामे राबवणारी यंत्रणा मात्र राज्य सरकारचीच राहिली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.

जिल्हा आणि गाव

७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणजे जिल्ह्याच्या समितीतही राज्याचा शब्द वजनदार ठरतो. शिवाय स्थानिक निवडणुका लांबल्या की हे सदस्यच उरत नाहीत.

गावपातळीवर ग्रामपंचायत स्वतःचा विकास आराखडा तयार करते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना, तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के देण्याचे ठरले.

जाब कोणाला विचारायचा?

गावातील गटार किंवा पाणीपुरवठ्याच्या कामासाठी ग्रामसभेत प्रश्न विचारता येतो. जिल्हा वार्षिक योजनेतील कामांसाठी जिल्हा नियोजन समिती उत्तरदायी आहे. मोठे धरण रखडले असेल किंवा विभागाला निधी कमी मिळाला असेल, तर प्रश्न विधिमंडळात न्यावा लागतो. जबाबदारी वाटलेली असली तरी ती कोणाकडेच नाही, असे होत नाही.